दोघांचं तळघर

अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला झेरॉक्सची दुकानं पायलीची पन्नास. 'माणिक झेरॉक्स' त्यातलंच एक, आणि तेही काही डोळ्यात भरणारं नाही. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत शेखर आणि त्याची आई माणिकबाई. बाप किसनराव वांगी-मेथी पिकवून बाजारात विकायचा. तो गेला, मळा चुलत्यांकडे गेला आणि शेखरने आईचं नाव पाटीवर घालून यंत्र आणलं. आता त्याला त्रेचाळिसावं लागलंय. लग्न झालेलं नाही. त्याने मुली पाहिल्या नाहीत असं नाही, मुलींनीच त्याला पाहिलं नाही. कुणाला नोकरीवाला हवा, कुणाला पुण्याचा हवा. झेरॉक्सवाला कुणालाच नको. पाच-सहा वर्षं हा घोळ चालला आणि मग मध्यस्थांनीच त्याचे फोन उचलणं सोडलं.

तरीही त्या काळात शेखरला कुणी एकटा म्हटलं असतं तर तो हसला असता. त्याच्याकडे रविवार होता.

झालं असं, की सहा वर्षांपूर्वी शिवम नावाचा बीएस्सीचा पोट्टा एक भलामोठा खोका काखोटीला मारून दुकानात आला. नेटवरून कुणाकडून तरी जुना घेतलेला खेळ होता. आत जाड पुठ्ठ्याच्या खोल्या आणि गल्ल्या, बोटाएवढी माणसं, पत्त्यांच्या गड्ड्या, फासे. चार वीर एका तळघरात उतरतात, एकेक दार उघडत खोल जातात, दारामागे खविस असतात, त्यांना मारतात किंवा मरतात. या खविसांना चालवायला पाचवा माणूस लागतो. शिवमकडे श्याम, आकांक्षा आणि धम्मदीप असे तिघे सोबती होते. पाचवा गडी नव्हता, आणि होस्टेलवर आरडाओरडा करायची सोय नव्हती. शेखरकडे जागा होती आणि रविवारी त्याला दुसरं काही काम नसे.

नियमांचं पुस्तक बेचाळीस पानांचं, सगळं इंग्रजीत. शेखर बीए दुसऱ्या वर्षाला सुटलेला, पण लोकांचे फॉर्म भरून भरून त्याचं इंग्रजी कामापुरतं चालायचं. त्याने हौसेने अख्खं पुस्तक मराठीत उतरवलं आणि पाच प्रती स्पायरल करून दिल्या. चेस्ट म्हणजे छाती हे त्याला दवाखान्याच्या कागदांवरून पक्कं ठाऊक होतं. म्हणून वहीत लिहिलं गेलं, 'खोलीत छाती दिसल्यास ती फोडावी. आत सोनं असू शकतं.' पोट्टे हसून हसून लोळले. चेस्ट म्हणजे पेटीसुद्धा, हे मग कळलं, पण तोवर छातीच रूढ झाली होती. वीरांची नावंही वऱ्हाडी पडली. शिवमचा पहेलवान, आकांक्षाची वैदीण, श्यामचा चोट्टा, आणि धम्मदीपच्या वाट्याला मंतर मारणारा बुवा. धम्मदीपच्या घरात तीन पिढ्यांत कुणी गंडादोरा बांधलेला नाही. "माह्या आजोबाले कळलं तं घरात घेनार नाई मले," तो म्हणायचा, आणि सगळ्यांत जोरात मंतर तोच म्हणायचा.

शेखर झाला तळघराचा मालक. जुन्या खोक्याचा आडोसा करून तो पलीकडे बसायचा आणि खविस सोडायचा.

खेळात एक नियम होता. दार उघडण्याआधी चमूने मोठ्याने सांगायचं की आत जातोय. एकदा बोललं की माघार नाही. शेखरने वहीत लिहिलं होतं, 'आम्ही आत जातो.' मग दर दाराशी ते चौघं टेबलावर थापा मारत ओरडायचे, "आमी आत चाललो, मालक!" मराठीत या बाबतीत मोठी पंचाईत आहे. 'आपण' म्हटलं की ऐकणारा त्यात येतो, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे म्हणतात. त्यांचं बरं आहे. शेखर त्यांच्या विरुद्ध खेळत होता, तेव्हा आमी हेच बरोबर होतं, त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं. पण दर रविवारी पंधरा-वीस वेळा तो शब्द ऐकताना त्याला कुठेतरी बारीकसं टोचायचं, आणि मग आपण किती खुळे असं म्हणून तो दुप्पट जोराने खविस सोडायचा.

विद्यापीठाच्या रस्त्यावर दुकान टाकणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, की पोरं तिथे जाण्यासाठीच येतात. आधी श्याम बियाण्यांच्या कंपनीत हैदराबादला गेला. मग आकांक्षा बँकेची परीक्षा पास होऊन नाशिकला गेली. शिवम गावी हिवरखेडला परतला, बापाची शेती घेतली, लग्न केलं. हैदराबाद-नाशिकचं शेखरला वाईट वाटलं नाही. हिवरखेडचं वाटलं, कारण हिवरखेड याच जिल्ह्यात आहे, दोन तासांची वाट. "येतो ना दादा एखाद्या रविवारी," शिवम फोनवर म्हणे, आणि तो एखादा रविवार काही कॅलेंडरात सापडेना. खोका मात्र त्याने शेखरकडेच ठेवला. "तुमीच सांबाळा," म्हणाला.

राहिला धम्मदीप. तोही अमरावतीला एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेच्या पोरांना शेतीशास्त्र शिकवायला लागला, पण दर दुसऱ्या रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला यायचा. येताना पुडक्यात गिला वडा आणायचा, दही वेगळं बांधून. माणिकबाईला दात नसल्याने तिला तो फार आवडायचा.

दोघांनी पाच जणांचा खेळ कसा खेळायचा, ते पुस्तकाच्या अगदी शेवटी बारीक अक्षरात दिलेलं होतं. मालक काढून टाकायचा, खविस पत्त्यांवर चालवायचे आणि वीर दोन-दोन वाटून घ्यायचे. धम्मदीपने बुवा आणि चोट्टा घेतला, शेखरने पहेलवान आणि वैदीण. आडोशाचा पुठ्ठा भिंतीला लावून ठेवला आणि शेखर पहिल्यांदाच टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, धम्मदीपच्या खांद्याला खांदा लावून बसला. पहिलं दार आलं तेव्हा धम्मदीप सहज बोलून गेला, "दादा, आपण आत जाऊ का?"

शेखरचा फासा हातातच राहिला. साडेतीन वर्षांत त्याला कुणी आपण म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "जाऊ ना," आणि त्याच्या आवाजाला काय झालं ते धम्मदीपच्या ध्यानात आलं नाही.

म्हणजे खेळ काही पूर्वीसारखा रंगला असं नव्हे. चौघांची बडबड दोघांना करावी लागायची. चोट्ट्याची पाळी आली की धम्मदीप श्यामसारखी शीळ घालायचा. पहेलवान घायाळ झाला की शेखर आकांक्षासारखा नाक उडवून म्हणायचा, "मरू द्या त्याले. मांगं ऐकलं होतं का त्यानं माहं?" सुरुवातीला दोघंही पोट धरून हसले. पण गेलेल्या माणसांची थट्टा नवी होत नाही. तेच चार विनोद फिरून फिरून यायला लागले, आणि मग दोघं आपापल्या दोन-दोन बाहुल्या सरकवत मुकाट्याने खेळायचे. कूलरच्या वाऱ्याने पत्ते उडू नयेत म्हणून त्यांच्यावर स्टेपलर आणि पंच ठेवलेला असायचा. मध्येच शेखरला मागच्या भिंतीला टेकलेली रिकामी स्टुलं दिसायची.

त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. नवे पोट्टे दुकानात यायचे, मोबाइलवरून कागद पाठवायचे, छापून झाले की जायचे. पहिली बॅच त्याला दादा म्हणायची, ही काका म्हणते. तरी धीर करून त्याने काचेवर चिठ्ठी लावली: 'रविवारी दोन गडी पाहिजेत.' रविवारी सकाळी आठला जानराव नावाचा एक मजूर आणि त्याचा भाऊ विळे घेऊन दारात उभे. "काम कायचं हाय, शेठ?" आता यांना काय सांगायचं, तळघरात उतरून खविस मारायचे आहेत? शेखरने दोघांना चहा पाजला आणि छतावरचं गवत काढून घेतलं. माणिकबाई दिवसभर हसत होती. धम्मदीपला ही गोष्ट सांगितल्यावर तोही हसला, पण मग म्हणाला, "दादा, तुमी अमरावतीले दुकान टाकलं असतं तं बरं झालं असतं."

खेळ तेरा मुक्कामांचा. चौघांना शेखरच्या खविसांनी कधी शेवटपर्यंत जाऊ दिलं नव्हतं, म्हणून दोघांनी तो पुन्हा पहिल्यापासून मांडला होता. गेल्या दिवाळीला ते तेराव्या मुक्कामावर पोचले. एक मुक्काम एका बैठकीत संपतो, फार तर दोन-तीन. पण हा संपेना, आणि तो का संपत नव्हता हे शेखरला चांगलं ठाऊक होतं, कारण तोच तो संपू देत नव्हता. वैदिणीला उगाच दर जखमेवर पट्टी बांधायला लावायचा. पहेलवानाला आंधळ्या गल्लीत नेऊन परत आणायचा. तीन खोल्या झाल्या की घड्याळ पाहून म्हणायचा, "आज इथंच थांबू गड्या, तुही गाडी चुकन." मग पटावर वर्तमानपत्र पांघरून ठेवायचं, पंधरा दिवस त्या टेबलाला हात लावायचा नाही. मुक्काम संपला की खेळ संपला, आणि खेळ संपला की धम्मदीपने अकोल्याला का यावं? म्हणून शेखर पट्ट्या बांधत बसायचा. असे अकरा रविवार गेले. धम्मदीप एका शब्दाने कुरकुरला नाही. उलट अलीकडे तो फार हुशारीने खेळायला लागला होता. विहिरीच्या खोलीत सापळा होता, तो त्याने नुसता वासावर ओळखला. शेखरला त्याचा अभिमान वाटला होता.

एप्रिलातला रविवार. बाहेर कुत्रं फिरत नव्हतं. शटर अर्धं खाली, कूलर घरघरतोय, आणि पटावर शेवटचं दार. त्याच्या आधीच्या गल्लीत चारही वीर येऊन ठेपलेले. आता वळायला आंधळी गल्लीसुद्धा उरली नव्हती. शेखरने पहेलवान उचलून दाराला चिकटवला.

"दादा, पहेलवानाले म्होरं नका ठेवू," धम्मदीप म्हणाला. तो दह्याचं बोट चाटत होता, ध्यान नव्हतं. "आमी ठेवला होता, तं दार उघडल्याबरोबर छत कोसळलं त्याच्या अंगावर."

बोलला आणि थांबला. बोट तोंडातच राहिलं.

शेखरने पहेलवान तसाच धरून ठेवला. छताचं त्याला नंतर कळलं. आधी त्याने ऐकला तो तेवढा एक शब्द. धम्मदीपच्या तोंडून दोन वर्षांत तो आला नव्हता.

"आमी म्हंजे कोन कोन?" त्याने विचारलं.

धम्मदीपने रुमालाला हात पुसले, गरजेपेक्षा जास्त वेळ पुसले. "क्लासवरचे आहेत दोघं. अन् एक शुभम म्हनून हाय, त्यानं नवा खोका आनला. दसऱ्यापासून बसतो आमी, शनिवारी. जानेवारीतच संपला."

"म्हंजे तुले सगळं माईत हाय. इहिरीचा सापळा बी."

"हो."

"मंग इतके दिस माह्यासंगं नाटक करून रायला होता?"

"नाटक नाई, दादा..." मग एकदम उजळून तो म्हणाला, "तुमी बी या ना अमरावतीले! शनिवारी मुक्कामाले या. नवीन खेळ सुरू करनार हाओत आमी."

"तुमी चौघं. वीर चार. मी काय पाहत बसू?"

"मालक व्हा ना तुमी! तुमच्यासारखा मालक..." इथे त्याचा आवाज बसला. तो खोटं बोलण्यात कच्चाच होता. "पन त्याहिले पत्त्यांचीच सवय पडली. मालक ठेवतच नाई ते."

शेखरने मान हलवली. खरं म्हणजे इथेच गप्प बसायला हवं होतं. पण माणसाला जे विचारू नये तेच विचारावंसं वाटतं. "मंग गाडीत उभं राहून, उन्हातानात, इथं कावून येतं तू?"

"तुमच्यासाठी," धम्मदीप म्हणाला.

तो हे प्रेमाने म्हणाला, यात शंका नाही. बोलताना त्याचे डोळेही भरले होते. पण शेखरला थोबाडीत बसल्यासारखं झालं. खेळासाठी येतो म्हणाला असता तर चाललं असतं. गिला वडा पोचवायला येतो म्हणाला असता तरी चाललं असतं. शेखर समजत होता की दर दुसऱ्या रविवारी दोघं जण खेळतात. प्रत्यक्षात एक जण खेळत होता आणि दुसरा आजारी माणसाला भेटायला यावं तसा येत होता. त्याला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त आली.

"चाल," तो म्हणाला. "उघड दार. आता जसं येते तसं खेळ. मांगं-म्होरं पाहू नको."

धम्मदीप खेळला. त्याने चोट्ट्याला पुढे काढलं, बुवाला कोपऱ्यात उभं केलं, वैदिणीची एकही पट्टी वाया जाऊ दिली नाही. शेखर त्याने सांगितलेल्या घरात बाहुल्या ठेवत गेला. अकरा रविवार ताणलेला मुक्काम पंचवीस मिनिटांत आटोपला. थोरला खविस आडवा पडला. नियमांच्या पुस्तकाखेरीज खोक्यात मुक्कामांच्या गोष्टीची वेगळी वही होती, तिचं शेवटचं पान शेखरने मुद्दाम कधी वाचलं नव्हतं, स्टेपल मारून बंद ठेवलं होतं. आता पिना काढून त्याने ते धम्मदीपला न दाखवता मनातल्या मनात वाचलं. दोनच ओळी होत्या. वीर गावात परतले, गावकऱ्यांनी चौघांचं स्वागत केलं.

तेव्हा साडेतीन वाजले होते आणि धम्मदीपची गाडी सहाची होती. अडीच तास. दोघं टेबलाच्या एकाच बाजूला बसलेले, समोर रिकामा पट, आणि बोलायला काही नाही. धम्मदीपने क्लासच्या निकालाचं सांगितलं. शेखरने शाईच्या डब्याचं सांगितलं. मग धम्मदीपने मोबाइल पाहिला, शेखरने पत्ते रंगाप्रमाणे लावले. सहा वर्षांची ओळख, पण खेळ बाजूला काढल्यावर ते दोघं एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांसारखे झाले. पावणेपाचला धम्मदीप उठला. "ऑटो भेटत नाई इकडे लवकर," म्हणाला. माणिकबाई आतल्या खोलीतून म्हणाली, "इतक्यात चालला का रे बाबू?" रस्त्यावर रिकाम्या ऑटोंची रांग उभी होती.

दारात शेखरने मोठ्या कष्टाने सांगितलं, "खेळ नसला तरी येत जाय. नुसता."

"हो ना दादा. येईन ना," धम्मदीप म्हणाला, अगदी शिवमसारखं.

पंधरवडा गेला. शनिवारी दुपारी शेखर एका मुलीचे प्रकल्पाचे कागद छापत होता तेव्हा फोन वाजला. कागद तिच्या हातात देऊन, ती पायरी उतरल्यावर त्याने तो उचलला.

"दादा, उद्या जमत नाई वाटते. क्लासवर सराव परीक्षा हाय."

शेखर पहाटेपासून या फोनची वाट पाहत होता. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं: बरं, पुढल्या वेळी ये. पण तोंडातून निघालं भलतंच. "राहू दे. आमाले बी उद्या जमतच नव्हतं."

"आमाले?" धम्मदीपचा आवाज चढला. "कोन दादा? नवे गडी भेटले का?"

"हो. बाहेर चाललो आमी उद्या."

"वा! लय बरं झालं दादा! लयच बरं झालं!" डोक्यावरची मोळी खाली टाकल्यावर माणूस जसा श्वास सोडतो, तसा श्वास शेखरला फोनमध्ये स्पष्ट ऐकू आला. मग धम्मदीप आणखी दोन मिनिटं मोकळेपणाने बोलला, खूप दिवसांत बोलला नव्हता तसा, आणि फोन ठेवला.

माणिकबाई मधल्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आमी म्हंजे कोन रे?" तिने विचारलं.

शेखरने यंत्राची कळ दाबली, बंद केली, परत दाबली. खोटं तर बोलून बसला होता, आता त्यात कुणाला तरी बसवणं भाग होतं. आणि घरात दुसरं होतं कोण?

"तू अन् मी," तो म्हणाला.

माणिकबाईच्या हातातली जुडी थांबली. सहा वर्षं दर रविवारी पोट्ट्यांना अडचण नको म्हणून ती आतल्या खोलीत दार लोटून बसायची. कुठे जायचं, याविषयी तिला किसनराव गेल्यापासून कुणी विचारलं नव्हतं. तिने पाल्यासकट मेथी सुपात लोटली आणि गुडघ्यावर हात देत उभी राहिली.

"मंग आदीच नाई सांगावं का मले?" ती म्हणाली. "लुगडं धून टाकलं असतं. कुठं चाललो आपण?"

ती ट्रंक उघडायला आत गेलीसुद्धा, आणि शेखरला अजून एकाही गावाचं नाव सुचत नव्हतं.